जबाबदारी कोण घेणार?

सध्या मुक्काम जयपूर, जगतपुरा. क्वार्टर मिळेपर्यंत भाड्याने राहतोय. इथल्या उन्हाबद्दल आणि केर-सांगरीच्या भाजीबद्दल लिहीन असं म्हणालो होतो, ते पुन्हा कधीतरी. आज डोकं तापलेलं आहे.

आमचा धाकटा सोळा वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. चालता येत नाही, डावा हात त्याचं ऐकत नाही, बोलणं कळायला नव्या माणसाला दहा मिनिटं लागतात. डोकं मात्र माझ्यापेक्षा तल्लख. दहावी पास झाल्यावर विचारलं, बक्षीस काय पाहिजे? म्हणाला, "पार्क." मोबाईल नको, घड्याळ नको. गेली कित्येक वर्षं हा पोरगा जगभरच्या रोलर कोस्टरचे व्हिडिओ बघतोय. कुठला किती उंच, कुठे किती वेळा उलटा होतो, सगळं पाठ.

झालं. फौजी माणूस, म्हणजे आधी रेकी. जयपूरच्या बाहेर अशी पार्कं बरीच आहेत, एक निवडलं. नाव घेत नाही, कारण दुसरं निवडलं असतं तरी गोष्ट फारशी बदलली नसती असं मला वाटतं. फोन केला. विचारलं, व्हीलचेअर आत येते का, टॉयलेट कसं आहे, कुठल्या राईडला बसू देता? उत्तर एकच, "आप आइए तो सही सर, देख लेंगे." या उत्तराच्या भरवशावर मी साधी पाण्याची गाडीसुद्धा हलवणार नाही, म्हणून रविवारी एकटाच टेप घेऊन गेलो. आमची खुर्ची पंचवीस इंच. फिरतं गेट बावीस. शेजारचं सामानाचं गेट उघडतं, पण किल्ली "मॅनेजर साब" कडे. दिव्यांगांचं टॉयलेट होतं. दारावर निळी पाटी, आत झाडू, बादल्या आणि एक मोडका पंखा.

टॉयलेटचं जरा सविस्तर सांगतो, कारण घरी असं मूल नसेल तर हे कुणाला सुचत नाही. पोरगा पन्नास किलोचा आहे. कपडे बदलायला त्याला आडवं करावं लागतं. तान्ह्या बाळांसाठी भिंतीला फळी असते, सोळा वर्षांच्या मुलासाठी काय? ओली फरशी. आणि मी ड्युटीवर असलो, आई एकटी असली, तर तिने त्याला बायकांच्या बाजूला न्यायचं की पुरुषांच्या? इंग्लंडमध्ये अशा मोठ्या मुलांसाठी पलंग आणि उचलायचं यंत्र असलेली टॉयलेट हवीत म्हणून 2006 पासून चळवळ चालली आहे, आणि ती बांधलीही गेली. आपल्याकडे निळी पाटी लावली की काम संपलं.

तरीही गेलो. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. औषधं, चादर, जादा कपडे, खुर्चीच्या लोखंडी हातांवर टाकायला ओला टॉवेल, सगळी रसद पाठीवर. तिघांचं पूर्ण तिकीट घेतलं. रोलर कोस्टरला नाही म्हणाले. मी वाद घातला नाही. झटक्यात मान सावरायला लागते, त्याची मान तेवढी पक्की नाही, हे मला माहीत आहे आणि त्यालाही. फिरत्या कपांना नाही म्हणाले. ठीक. मग आलो लहान मुलांच्या आगगाडीपाशी. चार वर्षांची पोरं टाळ्या वाजवत बसलेली, वेग आमच्या लंगरच्या ट्रॉलीएवढा. मी म्हटलं, मी शेजारी बसतो, धरून ठेवतो. शिट्टीवाला पोरगा आधी धाकट्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सेफ्टी का मामला है सर. जिम्मेदारी कौन लेगा?"

माझं भांडण या एका वाक्याशी आहे.

सेफ्टी म्हणजे काय हे मला शिकवू नका. फौजेत मेडिकल बोर्ड बसतं तेव्हा शेप नावाची पद्धत असते. मन, कान, हातपाय, शरीराची ताकद, डोळे, प्रत्येकाचा वेगळा दर्जा. जवानाचा गुडघा गेला तर बोर्ड लिहून देतं, याला अमुक ड्युटी नको. बाकीची ड्युटी तो करतो. तोंडाकडे बघून "हा नको" असं कुणी म्हणत नाही. पार्कातसुद्धा उंचीची पट्टी असते, हृदयविकार आणि गरोदरपणाची पाटी असते. म्हणजे धोका नेमका कशात आहे हे लिहिता येतं. मग आमच्यासाठीच का लिहीत नाही? या राईडला मान स्थिर हवी, या राईडला एका हाताने दांडा धरता यावा, इथे सोबत मोठं माणूस चालेल. तीन ओळी. तेवढ्या लिहायला यंत्र बनवणाऱ्याला विचारावं लागतं, डोकं चालवावं लागतं. त्यापेक्षा शिट्टीवाल्याला उभं करणं स्वस्त. त्या पोरावर माझा राग नाही. त्याला कुणी काही सांगितलेलंच नाही, आणि काही झालं तर त्याचीच नोकरी जाणार.

कायदाही आपल्याच बाजूने आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात म्हटलंय की अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करायचा नाही. करायचाच असेल तर तो योग्य हेतूसाठी आणि हेतूच्या प्रमाणात आहे हे दाखवावं लागेल. म्हणजे आगगाडी धोक्याची का, हे पार्काने सांगायचं. खाजगी सेवा देणारेही या कायद्यात येतात. सुप्रीम कोर्टाने 8 नोव्हेंबर 2024 ला राजीव रतुरी खटल्यात तर स्पष्ट सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, किमान काही सक्तीचे हवेत.

आता ही गंमत बघा. आमच्या याच जगतपुऱ्यात शूटिंग रेंज आहे. 2012 च्या अपघातात मणक्याला इजा झालेली अवनी लेखरा 2015 मध्ये याच रेंजवर आली, आणि व्हीलचेअरवर बसून तिने टोकियो आणि पॅरिस, दोन्ही पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण मारलं. म्हणजे या वस्तीत व्हीलचेअरवरच्या मुलीच्या हातात रायफल देता येते, पण व्हीलचेअरवरच्या मुलाला खेळण्यातल्या आगगाडीत बसवता येत नाही. आणि आपले मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या पेठचे, ईएमईचे जवान. 1965 च्या लढाईत गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं. 1972 ला हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहून देशाला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्ण आणलं. आज ते तरुण असते आणि एखाद्या वॉटर पार्कात गेले असते, तर त्यांनाही कुणी शिट्टीवाला म्हणालाच असता, पानी में नहीं जा सकते सर.

युनिटमधले काही जण म्हणतात, "कशाला नेता साहेब, त्याला तरी त्रास कशाला?" मनाने चांगली माणसं आहेत. पण त्रास त्याला पार्कातल्या पाळण्यांचा झाला नाही. चार वर्षांची पोरं बघत असताना बापाला हात जोडताना त्याने पाहिलं, त्याचा झाला. अमेरिकेत टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला एका बापाने 2010 मध्ये मॉर्गन्स वंडरलँड नावाचं अख्खं पार्क उभं केलं, कारण त्याच्या मुलीसाठी असं ठिकाणच नव्हतं. तिथे पाळण्यावरसुद्धा खुर्चीसकट चढता येतं, आणि दिव्यांगांना तिकीट नाही. मला एवढं नको. तिकीट पूर्ण घ्या. फक्त पैसे घेण्याआधी सांगा की कशात बसता येईल आणि कशात नाही, आणि का.

परत येताना महल रोडपर्यंत धाकटा गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, त्यांना लिहून विचारा." म्हणून त्याने सांगितलं आणि मी टाईप केलं. सतरा राईड, प्रत्येकीपुढे तीन प्रश्न: मान, हात, सोबत. शेवटचा प्रश्न त्याने स्वतः एका बोटाने टाईप केला, वीस मिनिटं लागली: झाडू दुसरीकडे कधी ठेवणार?

मेल जाऊन अकरा दिवस झाले. उत्तर आलं की इथेच टाकतो.