तारेची आस आणि वेदीपुढची शांतता



गिटार वाजवणाऱ्या तरुणांमध्ये एका छोट्या यंत्राचे मोठे आकर्षण आहे. तळहातात मावेल एवढी डबी, आत नऊ व्होल्टची बॅटरी. तारेवर धरली की तार न छेडताच हळूहळू वाजू लागते आणि डबी धरून ठेवाल तोवर वाजत राहते. ऐकणाऱ्याला वाटते, कोणी व्हायोलिन वाजवत आहे की काय! या डबीचे नाव ई-बो, म्हणजे विजेचा गज. असे यंत्र कॉयरमध्ये आले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हे मिस्सात चालेल का?

ज्येष्ठ मंडळींचे उत्तरही बहुधा ठरलेले असते: "हे चर्च आहे, ऑर्केस्ट्रा नाही." पोरे गप्प बसतात आणि काही रविवारांनी कॉयरमध्ये दिसेनाशी होतात. म्हणून माझे मत आधीच सांगतो. भाविकांच्या गाण्याला आधार म्हणून ई-बो जरूर चालावा. फादर वेदीवर प्रार्थना म्हणत असताना त्याखाली तो मुळीच वाजू नये. हे दोन्ही कशाच्या आधारावर म्हणतो, ते आता पाहू.

आपल्याकडे सतार आणि तंबोरा वाजवणाऱ्यांचा एक सुंदर शब्द आहे: आस. तार छेडल्यानंतर तिचा नाद जितका वेळ टिकतो, ती तिची आस. चांगल्या वाद्याला आस जास्त. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी लावतात आणि तारेखाली सुताचा धागा सरकवतात, तेव्हा नाद भरून येतो. तरीही तंबोऱ्याची तार पुन्हा पुन्हा छेडावीच लागते. पहिली विझण्याआधी दुसरी, दुसरी विझण्याआधी तिसरी. नाद अखंड वाटतो, पण तो बोटांच्या अखंड सेवेतून आलेला असतो.

गिटारचे दुखणे हेच आहे. बोट किंवा प्लेक्ट्रम तारेला एकदाच ऊर्जा देते. ती ऊर्जा ब्रिजमधून लाकडात जाते, लाकडातून हवेत जाते आणि थोडी तारेच्या आतच जिरते. काही क्षणांत स्वर मावळतो. ज्या चर्चमध्ये ऑर्गन नाही, हार्मोनियम आहे पण वाजवणारे कोणी नाही आणि गिटारवाली दोन पोरे तेवढी आहेत, तिथे याचा परिणाम दर रविवारी ऐकू येतो. ओळीच्या शेवटचा लांब स्वर धरताना मागे आधार उरत नाही, मग लोकांचा सूर खाली घसरतो. ती पोकळी भरायला गिटारवाला जोरात आणि जलद स्ट्रमिंग करतो आणि शांत भक्तिगीताचे चालगीत होऊन बसते. दोष त्या मुलाचा नाही. वाद्याला आस कमी आहे.

या दुखण्यावर माणसाने बरेच उपाय करून पाहिले. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांचा जुना उपाय म्हणजे फीडबॅक. अॅम्प्लिफायर इतका मोठा करायचा की स्पीकरचा आवाज हवेतून येऊन तारेला पुन्हा हलवतो. डेव्हिड बोवीच्या 1977 सालच्या 'हीरोज' या गाण्यातला लांबच लांब गिटारचा स्वर अनेकांना ई-बोचा वाटतो. प्रत्यक्षात रॉबर्ट फ्रिपने तो फीडबॅकने काढला होता. कोणत्या स्वरासाठी स्पीकरपासून किती अंतरावर उभे राहायचे, याच्या खुणा त्यासाठी जमिनीवर केल्या होत्या. स्टुडिओत हे ठीक. चर्चमध्ये एवढा आवाज केला तर म्हातारी माणसे कानांवर हात ठेवून बाहेर जातील.

दुसरा उपाय इंग्लंडमधल्या टेन सीसी या बँडच्या केव्हिन गॉडली आणि लॉल क्रीम यांचा. त्यांच्या गिझ्मोट्रॉनमध्ये मोटरवर फिरणारी छोटी चाके तारांना घासत आणि गजासारखा नाद काढत. 1979 च्या सुमारास ते गिटार आणि बास या दोन्हींसाठी विक्रीला आले. पण ते नीट चालवणे कठीण होते आणि ते फार टिकले नाही.

अमेरिकेतल्या ग्रेग हीट यांनी 1969 मध्ये शोधलेला ई-बो 1976 मध्ये बाजारात आला आणि तो टिकला, कारण त्याची युक्ती साधी आहे. डबीत दोन कॉइल असतात. पहिली कॉइल तारेचे कंपन ओळखते, मधले सर्किट ते वाढवते आणि दुसरी कॉइल चुंबकाच्या ओढीने तारेला तेच कंपन परत देते. सारे रहस्य वेळेत आहे. पाळण्याची दोरी ओढणाऱ्या आईला हे समजावून सांगावे लागत नाही. पाळण्याच्या लयीत दोरी ओढली तर दोन बोटांच्या जोराने तो तासभर हलतो. लय चुकवून ओढली तर हिसका बसतो आणि बाळ जागे होते. ई-बोचा जोरही किरकोळच असतो. तारेच्या स्वतःच्या लयीत दिल्यामुळे तो पुरतो.

त्याच्या मर्यादाही समजून घ्या. चुंबकाचा खेळ असल्यामुळे पोलादी तारच लागते. नायलॉनच्या तारांवर तो चालत नाही. एका वेळी एकच तार वाजते, कॉर्ड वाजत नाही. त्याच्या खोबणी शेजारच्या तारांवर टेकतात आणि त्या गिटारच्या तारांमधल्या अंतराला बेतलेल्या असतात. बासच्या तारा जाड आणि एकमेकींपासून लांब. तिथे डबी हातानेच सांभाळून धरावी लागते आणि जड तार जागी व्हायला वेळ घेते. ज्यांना सर्व तारांची आस हवी, ते सस्टेनिॲक किंवा फर्नांडिस सस्टेनरसारखी यंत्रणा गिटारच्या आतच बसवून घेतात. तिथे दोन्ही हात मोकळे राहतात. कॅनडाचे मायकल ब्रूक यांनी स्वतः बनवलेल्या 'इन्फिनिट गिटार'चा स्वर यू-टू बँडच्या 1987 सालच्या 'विथ ऑर विदाउट यू' या गाण्यात जगाने ऐकला.

आता आक्षेपाकडे येऊ. "हे यंत्र आहे, नैसर्गिक नाही." बंधुभगिनींनो, पाइप ऑर्गनपेक्षा मोठे यंत्र चर्चमध्ये दुसरे कोणते आहे? एके काळी भाता मारायला माणसे लागत, आज ते काम विजेचा पंखा करतो. जिला आपण आपलीच पेटी समजतो ती हार्मोनियमही युरोपातून आली. माइकशिवाय आज वाचनही होत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले. त्याच ठिकाणी इतर वाद्यांनाही, अधिकाऱ्यांच्या संमतीने, दार उघडे ठेवले. अटी अशा: वाद्य पवित्र उपयोगाला योग्य असावे, मंदिराच्या प्रतिष्ठेला शोभावे आणि भाविकांची खरोखर उन्नती करावी. त्यात वीज चालेल की नाही, हा प्रश्नच नाही. प्रश्न उपयोगाचा आहे.

या कसोटीवर मला ई-बो कीबोर्डच्या तयार 'पॅड'पेक्षा उजवा वाटतो. कीबोर्डवर एक बोट ठेवून माणूस दुसरीकडे पाहू शकतो. काही पेडल असे असतात की छेडलेल्या स्वराचा तुकडा पकडून ठेवतात आणि तार थांबली तरी तोच ऐकवत राहतात. ई-बो मात्र स्वतः आवाज करत नाही. वाजते ती खरी तार. हात किंचित सरकला की स्वर बदलतो, पिकअपजवळ नेला की वाढतो, दूर नेला की मंदावतो. वाजवणाऱ्याला प्रत्येक क्षणी तिथे हजर राहावे लागते. उपासनेत सेवा करणाऱ्याकडून आपण हीच अपेक्षा करतो ना? शिवाय पोलादी तारांच्या साध्या अकूस्टिक गिटारवरही तो चालतो. वीज गेली तरी लहान चर्चमध्ये त्याचा मंद स्वर पुरतो.

पण या गुणातच धोका आहे. न थांबणारा स्वर हाताशी आला की तो थांबवावासा वाटत नाही. गीत संपते, फादर प्रार्थना सुरू करतात आणि मागे स्वर तसाच रेंगाळत राहतो. 'वातावरण तयार होते' म्हणून कित्येकांना ते आवडते. कीबोर्डने ही सवय आधीच लावली आहे. ख्रिस्तशरीराच्या समर्पणाच्या वेळीसुद्धा मागे पॅड चालू असतो. रोमन मिस्साग्रंथाच्या सामान्य सूचनांमध्ये (क्रमांक 32) याबाबत शंकेला जागा नाही: धर्मगुरू सर्वांच्या वतीने प्रार्थना म्हणत असताना दुसरे गायन नको, ऑर्गन आणि इतर वाद्ये शांत असावीत. प्रायश्चित्तकाळात तर, काही ठरावीक दिवस सोडले, तर वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यापुरती आहेत (क्रमांक 313).

हा नियम रूक्ष वाटेल, पण तो आपल्या भल्याचा आहे. प्रार्थनेखाली संगीत घातले की डोळे भरून येतात आणि शब्द निसटतात. नंतर भाविकाला विचारावे की प्रार्थनेत काय मागितले, तर सांगता येत नाही. फक्त 'छान वाटले' एवढे आठवते. एलियाला परमेश्वर वादळात भेटला नाही, भूकंपात नाही, अग्नीत नाही. त्यानंतरच्या मंद वाणीने तो गुहेच्या तोंडाशी आला. आपण ती जागा स्वरांनी भरून टाकली, तर ऐकणार कुठे?

म्हणून कॉयरच्या मुलांना माझे सांगणे असे. ई-बो आणायचा तर आधी फादरांना दाखवा, सरावात ऐकवा, मग मिस्सात आणा. गीताचा मूळ स्वर किंवा चालीची एकच रेघ धरा, तीही लोकांच्या आवाजाच्या खाली. ओळ संपली की लोकांबरोबर तुम्हीही श्वास घ्या, म्हणजे यंत्रालाही श्वास घ्यायला शिकवा. गीत संपताच हात उचला आणि तार तळव्याने शांत करा. ज्येष्ठांना विनंती एवढीच की यंत्र पाहून नकार देऊ नका. दोन रविवार ऐका. लोक अधिक गाऊ लागले, तर ते वाद्य आपले. लोक गप्प होऊन ऐकतच राहिले, तर मुलांना प्रेमाने थांबवा.

मूग कंपनीने 2008 मध्ये एक गिटार काढली. तीत चुंबकाच्या बळाने सर्व तारांची आस हवी तितकी लांबवता येत असे. त्याच गिटारमध्ये उलटी सोयही होती. तेच बळ तारेतली ऊर्जा काढून घेऊन तिला लवकर शांत करू शकत असे. बनवणाऱ्यांना दोन्हींची गरज कळली होती. आपल्या कॉयरलाही दोन्ही यायला हवे.

'आस' या शब्दाचा दुसरा अर्थ आपण सारे जाणतो. स्तोत्रकर्त्याच्या हरिणीला पाण्याच्या प्रवाहाची असते, ती आस. ती बॅटरीने वाढत नाही. तारेची आस वाढवताना ही दुसरी आस दबणार नाही, एवढे सांभाळले की झाले.

प्रभू आपल्या गळ्यांना सूर देवो आणि कानांना शांतता.