लांब केसांचें मांजर आणि आपला उन्हाळा

मांजर विकत घ्यावें लागतें, ही कल्पनाच पलुसांतील आमच्या वडील मंडळींना हास्यास्पद वाटली असती. शेजारीं मांजरी व्याली आणि पिल्लें हिंडूंफिरूं लागलीं कीं एखादें उचलून आणावें, एवढाच तो व्यवहार. अलीकडे मात्र ‘पर्शियन’ म्हणून ओळखलें जाणारें, रेशमासारख्या केसांचें मांजर हजारों रुपये मोजून आणण्याची हौस आपल्या बाजूसहि पोंचली आहे. मुलें हट्ट धरतात, पालक तो पुरवितात. या हौसेविषयीं दोन शब्द स्पष्टपणें लिहिणें अवश्य वाटतें.

या मांजराचें नांव इराणी, परंतु कुळी तितकीशी इराणी नाहीं. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नामक रोमन प्रवाशानें १६२० च्या सुमारास इराणांतून लिहितांना खोरासानांतील करड्या, लांब व मऊ केसांच्या मांजरांचें वर्णन केलें असून, पोर्तुगीजांनीं तीं हिंदुस्थानांत नेल्याचेंहि नमूद केलें आहे. पुढें १८७१ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें हॅरिसन वेअर यानें मांजरांचें प्रदर्शन भरविलें, आणि बक्षिसांसाठीं जात ‘सुधारण्याचा’ उद्योग जोरांत सुरू झाला. २००८ सालच्या एका आनुवंशिक अभ्यासांत आजचें पर्शियन मांजर पश्चिम युरोपांतील मांजरांच्याच जवळचें ठरलें.

या सुधारणेंत नाक आंत गेलें, जबडा आखूड झाला. चित्रांत गोंडस दिसणारा तो चपटा चेहरा जनावरास सुखाचा नाहीं. श्वासाची वाट अपुरी पडते, डोळे सारखे पाझरतात, दांत दाटीनें येतात, बाळंतपणहि पुष्कळदां अवघड होतें. यास सौंदर्य म्हणणें मला तरी कठीण जातें.

संस्कृतांतील ‘मार्जार’ हा शब्द ‘मृज्’ म्हणजे स्वच्छ करणें या धातूवरून आला असें मानतात. साधें मांजर अंग चाटून चाटून स्वतःस नीटनेटकें ठेवतें. पण या मांजराच्या केसांचा पसारा त्याच्या जिभेला आवरत नाहीं. गिळलेल्या केसांचे पोटांत गोळे होतात, आणि न विंचरलेले केस कांखेंत व पोटाखालीं गुंतून त्यांच्या अशा घट्ट जटा बनतात कीं खालची कातडी ताणून जखमा पडतात. म्हणून लोखंडी फणीनें रोज, अगदीं मुळापर्यंत विंचरलें पाहिजे. पहिले पंधरा दिवस मुलें हें आनंदानें करतात. परीक्षा आल्या कीं तें काम आईकडे येतें, हें पालकांनीं आधींच लक्षांत घ्यावें.

खरी अडचण आपल्या उन्हाळ्याची. एप्रिल-मे महिन्यांत कृष्णाकांठीं पारा चाळीस अंशांपर्यंत चढतो, पत्र्याखालच्या घरांत त्याहूनहि अधिक. मांजरास घाम येतो तो मुख्यतः पंज्यांच्या तळव्यांना. आणि चपट्या नाकाच्या मांजरास धापा टाकूनहि अंग पुरेसें थंड करतां येत नाहीं. तें तोंड उघडून धापूं लागलें तर ‘थोड्या वेळानें पाहूं’ म्हणूं नये. सावलींत नेऊन ओल्या फडक्यानें अंग पुसावें व तडक पशुवैद्याकडे न्यावें.

आहाराविषयींचा गैरसमज तर फारच रूढ आहे. मांजर हा मांसाहारी प्राणी. दूध-भाकरीवर त्याचें भागत नाहीं. टॉरीन नांवाचें द्रव्य त्यास मांसमासळींतून मिळतें. तें कमी पडल्यास दृष्टि जाते हें १९७५ सालीं, व हृदय दुबळें होतें हें १९८७ सालीं उघडकीस आलें. गांवांतील मांजर उंदीर धरून आपली तूट भरून काढतें. घरांत कोंडलेल्या मांजरास ती सोय नाहीं. ज्या घरीं मांस शिजत नाहीं त्यांनीं याचा विचार आधीं करावा. आणखी एक: पॅरासिटामॉलची अर्धी गोळीहि मांजराचा जीव घेऊं शकते.

या जातींत मूत्रपिंडांत पाण्याच्या गांठी होण्याचा एक आनुवंशिक रोगहि आढळतो. आईबापांपैकीं एकाकडून दोष आला तरी पुरतो. २००४ सालीं त्याचें मूळ सांपडलें व तपासणी निघाली. विकणाऱ्याकडे तिचा दाखला मागावा. तो टाळाटाळ करूं लागला तर पैसे खिशांतच ठेवावे.

कोणी म्हणेल, मास्तरांना मांजराचा तिटकारा दिसतो. तसें नाहीं. हें जनावर स्वभावानें शांत. घरांत अंथरुणास खिळलेलें माणूस असेल तर त्याला ही सोबत मोलाची वाटेल. रोजची फणी, थंड खोली आणि औषधपाणी हें सारें पुढील बारा-पंधरा वर्षें ज्यांना झेपेल त्यांनीं खुशाल आणावें. इतरांनीं आणूं नये असें माझें ठाम मत आहे. दहावींतला मुलगा पुण्यास शिकावयास जातो, मांजर मागें राहतें. आणि कंटाळून तें एखाद्या द्राक्षबागेजवळ सोडून देणें म्हणजे त्याला मारणेंच होय. शिकारीची त्यास संवय नसते, आणि कुसळांत तो केसांचा भार घेऊन पळणेंहि जमत नाहीं.

ज्यांच्या घरीं तें आलेंच आहे त्यांनीं रेबीजची लस चुकवूं नये. आपल्याकडील सरकारी दवाखाने मुख्यत्वें गाई-म्हशींसाठीं उभे आहेत. दुखणें अवघड दिसलें तर शिरवळ येथें, आपल्याच भागांतील क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नांवाचें पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तेथें चौकशी करावी. नेतांना टोपली हवेशीर असावी, आणि दिवस उन्हाळ्याचे असतील तर पहांटेच निघावें.