बूस्टरच्या डोसाबरोबर पाच मिनिटे

दीड वर्षाचे बाळ आपल्याकडे येते ते बहुधा बूस्टरसाठी. सरकारी वेळापत्रकात १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान डीपीटीचा पहिला बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस असतो, खासगीत बहुतेक जण १६ ते १८ महिन्यांत उरकतात. वजन होते, सुई टोचली जाते, रडारड होते, तापाचे औषध लिहून दिले जाते. यानंतर बऱ्याच घरांतले निरोगी मूल दवाखान्याची पायरी चढते ते सर्दी-खोकल्यापुरते, आणि सर्दीच्या ओपीडीत विकासाबद्दल विचारायला कोणालाच सवड नसते. स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, पहिली चिन्हे दिसू लागण्याचा काळ नेमका हाच. त्या एका भेटीतली पाच मिनिटे आपण मुलाकडे नुसते बघण्यासाठी राखून ठेवावीत, एवढीच विनंती आहे. फॅमिली डॉक्टरांना जास्त आग्रहाने, कारण गावात बालरोगतज्ज्ञ नसेल तर ती भेट त्यांच्याकडेच होते.

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यात त्यांनी एक गोष्ट नोंदवून ठेवली होती: उचलून घ्यायला कोणी वाकले की एरवी बाळ अंग सावरते, तयारीत येते, या मुलांतल्या अनेकांनी तसे कधी केलेच नव्हते. लहान वयातली ऑटिझमची महत्त्वाची लक्षणे बरीचशी अशी, न घडणाऱ्या गोष्टींची असतात. नावाने हाक मारली तर वळत नाही. टाटा करत नाही. बुवाकुक खेळताना दुसऱ्या वेळी आपल्या तोंडाकडे आशेने बघत नाही. हात हलवणे, गोल गोल फिरणे, खेळण्यातल्या गाडीचे चाक तेवढे फिरवत बसणे ही लक्षणे आपल्या पाठ्यपुस्तकी डोक्यात पक्की असतात, पण दीड वर्षाच्या मुलात ती ठळक असतीलच असे नाही. आई-बाबा तक्रार सांगतात ती जे आहे त्याची: खोकला आहे, खात नाही, रात्री उठतो. जे नाही त्याची तक्रार घेऊन कोण येणार? आणि पहिलेच मूल असेल तर नसलेले कळणार तरी कसे?

उलट ते कौतुक म्हणून समोर येते. “फार शहाणा आहे हो, तासन्तास एकटा खेळतो, कुणाला त्रास नाही.” “एबीसीडी सगळी येते, शंभरपर्यंत आकडे म्हणतो.” (पाणी हवे असेल तेव्हा मात्र पाणी म्हणत नाही.) आणि सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य: “बोलत नाही, पण त्याला कळतं सगळं. हवं असेल ते हात धरून नेऊन दाखवतो.” या वाक्यापाशी आपण थांबले पाहिजे. कसा नेतो, ते आईला करून दाखवायला सांगावे. पुष्कळदा दिसते ते असे: मूल आईचे मनगट धरते, फ्रिजपाशी नेते आणि तिचा हात मुठीवर ठेवते. तिच्या चेहऱ्याकडे एकदाही बघत नाही. दार उघडले की हात सोडून देते. मागणी पुरी होते, पण त्या मागणीत आई माणूस म्हणून नसते. याच वयाचे दुसरे मूल बोट दाखवते, ‘अं अं’ करते आणि मान वळवून आईने पाहिले का ते बघते.

बोट दाखवण्यातही दोन जाती आहेत. बिस्किटाच्या डब्याकडे दाखवलेले बोट ‘मला दे’ म्हणते. खिडकीतून जाणाऱ्या ट्रॅक्टरकडे दाखवलेले बोट ‘तूही बघ’ म्हणते. दुसरे महत्त्वाचे. सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये १८ महिन्यांच्या मुलांसाठी पहिली चाचणी मांडली तेव्हा हे दाखवण्यासाठीचे बोट, दुसऱ्याच्या नजरेमागे नजर नेणे आणि खोटे खोटे खेळणे या तीन गोष्टी तिच्या केंद्रस्थानी होत्या. म्हणून “बोट दाखवतो का?” एवढेच विचारू नये. “काही आवडलं, विमान किंवा भू भू दिसला, तर तुम्हीही बघावं म्हणून दाखवतो का?” असे विचारावे.

ही तपासणी सुई टोचण्याआधी करावी. रडणाऱ्या मुलाकडून काही कळत नाही. मूल आईच्या मांडीवर किंवा चटईवर रमले की मागून, चुटकी किंवा खुळखुळा न वाजवता, साध्या आवाजात नावाने हाक मारावी. घरी ज्या नावाने हाक मारतात त्याच नावाने. कागदावरचे ‘अथर्व’ त्या बाळाने कधी ऐकलेलेही नसते, ते ‘बाळू’ला ओळखते. मग छताकडे बोट करून “अरे, तो बघ पंखा!” म्हणावे आणि मुलाची नजर आपल्या बोटावर अडकते की पंख्यापर्यंत जाते ते बघावे. साबणाचे फुगे सोडून मध्येच थांबावे. मूल आपल्याकडे बघून आणखी मागते की नुसती बाटली ओढते? रिकामा कप हातात दिला तर प्यायल्याचे, आईला पाजल्याचे नाटक करते का? एखादी गोष्ट एकदा चुकली म्हणून निष्कर्ष काढायचा नाही. झोप मोडलेली असते, दवाखान्याची भीती असते. पण बऱ्याच गोष्टी एकत्र चुकत असतील आणि घरीही असेच असेल, तर ते नोंदवून पुढे पाठवावे.

एम-चॅट-आर ही २० प्रश्नांची चाळणी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे आणि दवाखान्यात वापरायला मोफत आहे. गुण ० ते २ आले तर धोका कमी, ३ ते ७ आले तर पाठपुराव्याचे प्रश्न, ८ किंवा जास्त आले तर थेट तज्ज्ञांकडे. २, ५ आणि १२ या प्रश्नांची गणना उलटी आहे, तेथे ‘हो’ हे उत्तर काळजीचे. आई-बाबांच्या हाती कागद देऊन मोकळे होऊ नये. प्रश्न तोंडी विचारावेत, प्रत्येक ‘हो’नंतर “काल-परवा केव्हा केलं?” असे विचारावे, कारण आपल्याकडे डॉक्टरांसमोर मुलाबद्दल ‘नाही’ म्हणायला जीभ वळत नाही. अमेरिकेतल्या २०१४ च्या अभ्यासात पाठपुराव्यानंतरही चाळणीत अडकलेल्या मुलांपैकी जेमतेम निम्म्यांना ऑटिझम निघाला, पण जवळजवळ ९५ टक्के मुलांच्या विकासात काही ना काही लक्ष देण्याजोगे होते. म्हणजे पाठवलेले मूल सहसा उगीच पाठवलेले नसते. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फिलाडेल्फियातल्या सुमारे २६ हजार मुलांच्या २०१९ च्या अभ्यासात, पुढे ऑटिझमचे निदान झालेल्यांपैकी सुमारे ३९ टक्केच मुले या चाळणीत सापडली होती. तेव्हा गुण कमी आले म्हणून फाइल बंद करू नये, २४ महिन्यांना पुन्हा विचारावे. काही मुले दीड वर्षापर्यंत चार शब्द बोलतात आणि नंतर तेही हरवतात. आलेले शब्द किंवा टाटा गेले असे कोणी सांगितले, तर कोणतीही प्रश्नावली न काढता त्याच दिवशी चिठ्ठी लिहावी.

आपले सर्वांत नुकसान करणारे उत्तर म्हणजे “थांबू, बोलेल.” मुलगे उशिराच बोलतात. त्याचे बाबाही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते. घरात मराठी, सांभाळणाऱ्या मावशी हिंदी, पाळणाघरात इंग्रजी, म्हणून गोंधळला असेल. हे सगळे आजी म्हणते तेव्हा ती माया असते. वेखंड मधात उगाळून जिभेला चाटवणे हीही मायाच. आपण म्हणतो तेव्हा मात्र त्याला वैद्यकीय सल्ल्याचे वजन येते आणि त्या वजनावर घर आणखी वर्षभर थांबते. दोन-तीन भाषा ऐकल्याने ऑटिझम होत नाही. जीभ चिकटलेली असली तरी त्यामुळे मूल हाकेला ओ द्यायचे थांबत नाही.

मोबाईलचे वेगळे सांगायला हवे. जेवताना मोबाईल बंद करा, हा सल्ला योग्यच आहे आणि प्रत्येकाला द्यावा. पण “मोबाईल बंद करा, तीन महिन्यांनी या” हे उत्तर होऊ शकत नाही. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हे कोणत्याही मान्य वर्गीकरणातले निदान नाही. ज्याला माणसांपेक्षा पडदा सोपा जातो, असे मूलही पडद्याकडे जास्त ओढले जाते. मोबाईल बंद आणि तपासणी सुरू, दोन्ही एकाच दिवशी.

चिठ्ठीत पहिली मागणी ऐकण्याच्या तपासणीची असावी, ओएई आणि गरज असेल तर बेरा. “टीव्ही लागला की पळत येतो, म्हणजे ऐकू येतं” हा पुरावा धरू नये. दुसरी मागणी विकासाच्या सविस्तर मूल्यमापनाची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याच्या यादीत ऑटिझम आहे आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. आपल्या जिल्ह्यातले केंद्र कोठे आहे, तेथे कोणत्या वारी कोण बसते, हे टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवावे. चिठ्ठीवर ‘? ऑटिझम’ एवढेच न लिहिता काय पाहिले ते लिहावे: हाकेला तीन वेळा वळला नाही, बोटामागे नजर गेली नाही, हात धरून नेतो.

तज्ज्ञांची तारीख दोन-चार महिन्यांनी मिळते. तोवर घर रिकामे बसायला नको. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेतर्फे आणि पाकिस्तानात रावळपिंडीत मिळून एक चाचणी झाली, ती २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आली. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण मिळालेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाच्या कलाने खेळायला शिकवले. पालकांच्या वागण्यात तर फरक पडलाच, मुलांनीही आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. मुले ६५च होती, परिणामाबद्दल मोठे दावे करायला ती संख्या पुरत नाही. पण निदानाच्या कागदाची वाट न बघता सुरुवात करता येते, एवढे नक्की. जमिनीवर मुलासमोर बसायचे, ते जे करत आहे तेच करायचे, एक-दोन शब्द बोलायचे आणि थांबायचे. हे सांगायला दोन मिनिटे लागतात. त्याच बैठकीत हेही सांगावे की लसीने ऑटिझम होत नाही (तसा संबंध सुचवणारा वेकफिल्ड यांचा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला) आणि स्टेम सेलच्या जाहिरातींवर एक रुपयाही घालवू नये.

हे बोलणे दारात उभ्याने किंवा गर्दीच्या ओपीडीत करू नये. बाबांना मुद्दाम बोलवावे, जमल्यास आजीलाही, कारण एकटी आई घरी परतली की दोष तिच्यावर येतो: नोकरी केलीस, मोबाईल दिलास, बोलली नाहीस. आईच्या थंडपणामुळे ऑटिझम होतो हे मत वैद्यकशास्त्राने केव्हाच टाकून दिले आहे. घरातल्या सर्वांसमोर डॉक्टरांनी ते आपल्या तोंडाने सांगितले, तर त्या बाईचे पुढचे वर्ष बदलते. पहिल्या भेटीत निदानाचा शिक्का मारण्याची गरज नाही. “मला काही गोष्टी दिसल्या, त्या आपण नीट तपासून घेऊ” हे खरे आहे आणि पुरेसे आहे.

आणि धाकटे भावंड असेल किंवा होणार असेल, तर त्याच्या फाइलवर आत्ताच खूण करावी. मोठ्याला ऑटिझम असताना साधारण पाचांपैकी एका धाकट्यात तो आढळतो. त्या बाळाला नऊ महिन्यांच्या गोवराच्या लसीपासूनच हाक मारून बघावी.