केळ्याला टाके आणि एकोणतीस सुया

तुम्ही कधी केळ्याचं ऑपरेशन केलंय? आपल्या मेसमधलं केळं नाही म्हणत मी, ते ताटात येण्याआधीच वारलेलं असतं!

या टर्मला एनएसएसतर्फे आम्ही पाच जण एका मराठी शाळेत तिसरीच्या वर्गावर गेलो होतो. विषय होता 'ऑपरेशन म्हणजे काय?'. सालीला चीर आम्हीच देऊन नेली होती, कारण ब्लेड मुलांच्या हातात द्यायचं नाही हे पक्कं होतं. मुलांनी फक्त सुई-दोऱ्याने टाके घालायचे. सुया वाटून झाल्यावर मी ऐटीत म्हटलं, "एकोणचाळीस सुया दिल्यात!" अख्खा वर्ग ओरडला, "ताई, एकोणतीऽऽस!" कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचं हे फळ.

ही कल्पना काही परदेशातून आलेली नाही बरं का. सुश्रुतसंहितेत शिष्यांनी आधी कोहळा, दुधी, काकडी यांवर छेद घ्यायला शिकावं आणि शिवण्याचा सराव कापडावर, मऊ कातड्यावर करावा, असं सांगितलंय. फरक एवढाच की ते वैद्य होणार होते. आमच्या आभारप्रदर्शनातही 'उद्याचे डॉक्टर' हे शब्द आलेच. मला ते पटत नाही. डॉक्टर एखादाच होईल, पेशंट मात्र बहुतेक सगळेच होणार!

मी आठ वर्षांची असताना माझे टॉन्सिल्स काढले. मला सांगितलं होतं फक्त "आइस्क्रीम मिळणार". जागी झाले तर घशात आग. तीन दिवस बाबांशी बोलले नाही. पहिले दोन दिवस बोलता येत नव्हतं, तिसऱ्या दिवशी बोलायचं नव्हतं. कोणी आधी नीट सांगितलं असतं तर दुखायचं तेवढं दुखलंच असतं, पण फसवल्यासारखं वाटलं नसतं.

वर्गात एका मुलीने विचारलं, "टाके घातल्यावर केळं बरं होईल?" नाही होणार. टाका फक्त कडा जवळ धरून ठेवतो, भरून येण्याचं काम जिवंत कातडी स्वतः करते. हे तिला सांगताना मलाही पहिल्यांदाच नीट कळलं. (बारावीला बायोलॉजी सोडल्याचा परिणाम!)

आणि मग सुया परत घेतल्या, तर अठ्ठावीस!

आकडा माझ्यामुळे सगळ्यांच्या तोंडी बसला होता, म्हणून मुलांनीच बोंब मारली. बाकं हलवली, दप्तरं उलटी केली. शेवटी एका दप्तरातल्या केळ्यात सुई सापडली. पठ्ठ्याने सुई आत ठेवूनच टाके घातले होते, आणि ते केळं तो मधल्या सुट्टीत खाणार होता. माझे पाय लटपटले.

बाई म्हणाल्या, "हे बंद करा." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. केळी परत गोळा करायची आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. तरीही बंद करू नये असंच माझं मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली शस्त्रक्रियेसाठी जी चेकलिस्ट दिली, तिच्यात पेशंट थिएटरबाहेर जाण्याआधी सुया आणि स्पंज मोजून झाले का, हे मोठ्याने विचारायचं असतं. मोठमोठ्या सर्जननाही मोजावंच लागतं. त्या वर्गाने ते न शिकवता केलं.

दोन दिवस विनवण्या केल्यावर बाई तयार झाल्या. अट अशी की आकडा फळ्यावर लिहायचा आणि एकही केळं दप्तरात जायचं नाही. पुढच्या टर्मला चौथीवर जातोय. सुया मोजायला एक स्वयंसेवक हवाय. मराठी आकडे येणाऱ्यांनीच लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर नाव लिहावं.