पाय थरथरले तरी माइक सोडू नका

जयंतीच्या बैठकीत वर्गणी, डीजे, मिरवणूक यावर सगळे तावातावानं बोलतात. "भाषण कोण करणार?" म्हटलं की माना खाली! मग बाहेरचा वक्ता शोधायचा. हे आम्हाला पटत नाही.

ही भीती स्वभावातली नाही. ज्यांच्या पणज्याला चावडीपुढं तोंड उघडायची मुभा नव्हती, त्यांचा घसा गावासमोर कोरडा पडणारच. वर 'भाषा अशुद्ध' म्हणून हसणारे आहेतच.

१७ डिसेंबर १९४६. संविधान सभेत उद्दिष्टांच्या ठरावावर बाबासाहेबांचं नाव अनपेक्षितपणे पुकारलं गेलं. आपला नंबर उद्या लागेल असं वाटलं होतं, तयारी करून आलो नाही, हे त्यांनी सभागृहातच सांगितलं. आणि बोलले. बोलता आलं, कारण मागं आयुष्यभराचं वाचन होतं. आपली पोरं मात्र आवाज घटवतात, मुद्दा नाही.

विहारात वंदनेनंतर तीन मिनिटं बोला. एकच मुद्दा, आपली बोली, हातात चिठ्ठी असली तरी चालेल. पहिली पाळी मुलींची.

आपल्याच जिल्ह्यात, कसबे तडवळ्यात, १९४१ साली बाबासाहेब महार-मांग परिषदेला आले होते. निदान त्यावर बोलायला तरी यंदा बाहेरून कुणाला बोलावू नका.