नव्या मुलाम्याची नोंद हवीच

अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनने जुन्या शस्त्रांची स्थिती ठरवण्यासाठी जी प्रतवारी घालून दिली आहे, तिच्यात नवख्या माणसाला बुचकळ्यात टाकणारी एक गोष्ट आहे. एखाद्या रिव्हॉल्वरचे मूळ ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळा थर, पार उडून गेलेले असेल, अंगावर नुसता राखाडी धातू उरला असेल, तरी सगळे भाग मूळचे, कडा धारदार आणि अक्षरे स्पष्ट असल्यास ते ‘व्हेरी गुड’ या प्रतीत बसू शकते. तेच रिव्हॉल्वर कोणी घासूनपुसून नव्याने निळे करून आणले, की ते एक पायरी खाली ‘गुड’मध्ये जाते. रंग उडालेले वरचढ आणि रंगवलेले कमअस्सल, हा न्याय वरवर पाहता संग्राहकांची लहर वाटेल. पण त्यामागचा विचार पक्का आहे. जुन्या शस्त्राचा पृष्ठभाग हा त्याच्या आयुष्याचा दस्तऐवज असतो आणि नवा मुलामा चढवताना त्यातली पाने आधी खरवडावी लागतात. म्हणून नव्याने मुलामा चढवणे हा स्वतः गुन्हा नसला, तरी त्याची नोंद न ठेवता ती वस्तू ‘मूळ स्थितीत’ म्हणून पुढे सरकवणे ही इतिहासाशी केलेली लबाडी आहे. ती ओळखण्याची विद्या केवळ लिलावात बोली लावणाऱ्यांच्या कामाची नाही.

ही विद्या मुळात काळाच्या हिशेबावर उभी आहे. कोल्टचे सिंगल अ‍ॅक्शन आर्मी हे रिव्हॉल्वर १८७३ मध्ये आले. त्याची नेहमीची सजावट अशी की फ्रेमवर केस हार्डनिंगचे निळे, तपकिरी, करडे ढग आणि नळी-सिलिंडर ब्लूइंग केलेले. ढगांचे हे रंग कोणी लावलेले नसत. हाडे आणि कोळशाच्या भुकटीत पोलाद तापवून पाण्यात विझवले की ते आपोआप उमटत. त्या काळचे ब्लूइंगही कोळशाच्या उष्णतेवर होई. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात, सुमारे १४० अंश सेल्सिअसला, भाग बुडवून काढण्याची झटपट पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास सर्रास झाली. तिच्यातून निघणारा रंग काळ्याकडे झुकतो. जुन्या भट्टीतला रंग खोल, आरशासारखा निळा असतो. त्यामुळे १८८० च्या दशकातल्या रिव्हॉल्वरची फ्रेम, नळी आणि सिलिंडर एकाच काळसर छटेत न्हालेले दिसले, तर पहिला प्रश्न तिथेच उभा राहतो. मुलाम्याचेही तसेच. निकेलची चमक किंचित पिवळसर, ऊबदार असते. क्रोमची थंड, निळसर. क्रोमचा मुलामा व्यापारी प्रमाणावर १९२० च्या दशकात आला. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या रिव्हॉल्वरवर क्रोम दिसले, तर पुढे तपास करायचा तो फक्त काम कधी झाले याचा. झाले की नाही याचा नव्हे.

रंगापेक्षाही भरवशाची साक्ष देतो तो आकार. नवा थर देण्याआधी जुना गंज आणि खड्डे काढावे लागतात, आणि ते काम बहुधा बफिंगच्या चाकावर होते. मऊ चाकाला कड आणि खळगा यांतला फरक कळत नाही. स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्वरची उजवी बाजू याचा उत्तम नमुना आहे. तिथली साइड प्लेट कारखान्यात फ्रेमला बसवून मग दोन्ही एकत्र घासल्या जात, त्यामुळे त्यांच्यातला सांधा जेमतेम केसाएवढा दिसे. त्याच जागी पाहणाऱ्याच्या नखाला गोलावलेली कड लागली आणि सांध्याची रेघ ठसठशीत दिसली, तर चाक फिरून गेले आहे असे समजावे. स्क्रूच्या भोकांचेही तेच: कड सरळ खाली उतरण्याऐवजी बशीसारखी खोलगट होते, कारण चाक भोकापाशी किंचित आत दबते. नळीवरच्या पत्त्याची अक्षरे काही ठिकाणी खोल आणि काही ठिकाणी पुसट होतात. सपाट बाजू उजेडात तिरकी धरली, तर प्रतिबिंब लाटांसारखे हलते. आणि सगळ्यात बोलकी खूण म्हणजे ब्लूइंगखालचे खड्डे. गंजाने पोखरलेल्या खळग्याच्या तळाशी ताजा, एकसारखा निळा थर असेल, तर तो थर गंजानंतरचा; गंज खाल्लेल्या पोलादावर कारखाना रंग चढवून माल बाहेर पाठवत नसे. स्मिथ अँड वेसनच्या निकेल केलेल्या रिव्हॉल्वरचा घोडा आणि चापसुद्धा निकेलने चमकत असतील, तर तेही संशयास्पदच, कारण कारखान्यात हे दोन भाग सहसा केस हार्डनिंगच्या रंगांत ठेवले जात.

एवढ्यावरून निकाल देऊन टाकणे मात्र घाईचे ठरेल. कडा वर्षानुवर्षे कातडी म्यानात घासूनही झिजतात. एखादा स्क्रू दुरुस्तीत बदललेला असू शकतो. हळव्या हाताने केलेल्या साफसफाईनेही अक्षरे थोडी बुजतात. म्हणून जाणकार एका खुणेवर विसंबत नाहीत, खुणा एकमेकींशी जुळतात का ते पाहतात. खरी झीज जिथे वापर तिथेच दिसते: नळीचे तोंड, सिलिंडरची पुढची कड, मुठीचा मागचा पट्टा. कडा गोलावल्या आहेत पण त्या कडांवरचा रंग शाबूत आहे, असे दिसले की गोष्ट फसते, कारण झिजेने आधी रंग जातो आणि मग धातू. मुठीच्या फळ्या काढल्या की हवा आणि हात न लागलेला भाग उघडा पडतो. तिथला जुना रंग आणि बाहेरचा रंग वेगळ्या जातीचे निघाले, तर वाद फारसा उरत नाही. शेवटी कागद. कोल्टच्या अभिलेखागारातून आणि स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशनकडून क्रमांकावरून जुन्या नोंदींचे पत्र मिळवता येते आणि माल कारखान्यातून कधी, कोणत्या रूपात निघाला हे त्यावरून पडताळता येते. कागदात ‘निळे’ आणि हातात निकेल, यापुढे युक्तिवाद चालत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की कारखाने स्वतःच जुनी रिव्हॉल्वर नव्याने रंगवून देत होते, मग ‘मूळ’ म्हणजे नेमके काय? आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो उलट माझ्याच बाजूने जातो. स्मिथ अँड वेसनकडे परत आलेल्या रिव्हॉल्वरवर क्रमांकाजवळ छोटा तारा ठोकला जाई आणि अनेकदा मुठीखाली कामाची तारीखही. अमेरिकी लष्कराने १८९५ पासून पुढे काही वर्षे घोडदळाच्या कोल्ट रिव्हॉल्वरच्या साडेसात इंची नळ्या कापून साडेपाच इंचांच्या केल्या, त्यांची डागडुजी केली, जुळणीत वेगवेगळ्या क्रमांकांचे भाग एकत्र आले. आज ‘आर्टिलरी मॉडेल’ या नावाने ती संग्राहकांना हवीच असतात. त्यांच्यावरचा फेरबदल लपवलेला नाही, उलट तोच त्यांचा इतिहास आहे. म्हणजे आड येतो तो फेरबदल नव्हे, त्याचे मुकेपण. कारखान्याने आपल्या कामाची सही मागे ठेवली. मागल्या गल्लीतल्या कारागिराने ठेवली नाही, आणि ठेवली असती तर विकणाऱ्याला ती गैरसोयीची झाली असती.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. गंज थांबत नाही. वस्तू मालकाची आहे. ती डोळ्यांदेखत सडू द्यायची का? नाही, पण गंज थांबवणे आणि वस्तू नवी करणे ही दोन वेगळी कामे आहेत. कोरडी हवा, पातळ तेल, मेणाचा हात आणि सैल गंज हलकेच काढणे एवढ्याने बहुतेक जुने पोलाद पिढ्यानुपिढ्या टिकते, आणि यातल्या कशानेही खालचा धातू जात नाही. चाकाने उडवलेला धातू परत बसवता येत नाही. जुने नाणे चिंचेने लख्ख घासून आणणाऱ्याला नाणेपारखी जे तोंड करतो, ते याच कारणाने. मालकाचा हक्क मान्य आहे. त्याने आपले रिव्हॉल्वर जरूर चमकवावे. पण विकताना, वारशाने देताना, संग्रहालयाला भेट देताना तो जे सांगतो त्यावर दुसऱ्या कोणाचा पैसा आणि अभ्यास उभा राहतो, आणि तिथे त्याचा हक्क संपून जबाबदारी सुरू होते. तिसरा आक्षेप कुशल कारागिरांचा दाखला देतो: कोळशाचे ब्लूइंग आणि हाडांच्या भुकटीतले रंग जुन्या रीतीने करणारे लोक आजही आहेत, कडा ते हाताने जपतात, अक्षरेही पुन्हा उठवतात, असे काम ओळखताच येत नसेल, तर ओळखीचा एवढा आग्रह कशाला? उत्तर असे की परीक्षा जितकी कठीण, तितकी नोंद आवश्यक. डोळ्यांना फसवू शकणारे काम कागदावर नसेल, तर उद्याचा अभ्यासक त्यालाच १८७० च्या दशकाचा पुरावा मानेल.

भारतात या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ नुसार बंदुकीवरचे नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह पुसणे, काढणे, बदलणे वा बनावट करणे याला मनाई आहे. बफिंगचा हात जरा जड पडला की जाते ते नेमके हेच. पुसलेला क्रमांक कधीकधी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आम्लाने परत उमटवता येतो, कारण ठशाखालचा धातू दाबला गेलेला असतो. पण म्यानात वर्षानुवर्षे झालेली झीज कुठल्याही आम्लाने परत येत नाही. आणि थराखाली काय दडू शकते, याचे उदाहरण आपल्याला परके नाही. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरमध्ये राजगुरू आणि भगतसिंग यांनी ब्रिटिश पोलीस अधिकारी साँडर्सवर गोळ्या झाडल्या. भगतसिंगांचे .३२ बोअरचे कोल्ट पिस्तूल (रिव्हॉल्वर नव्हे) पुढे इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र प्रशिक्षण केंद्रात, इतर शस्त्रांच्या रांगेत, गंज लागू नये म्हणून दिलेल्या रंगाखाली अनेक वर्षे पडून होते. रंग खरवडून क्रमांक वाचला आणि जुन्या नोंदीशी ताडून पाहिला, तेव्हा ते ओळखू आले. रंग देणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पण तो नुसता रंग होता म्हणून निघाला. त्याजागी कोणी चाकावर धरून ते ‘नवे’ केले असते, तर क्रमांकासकट ओळखही गेली असती.

म्हणून मागणी साधी आहे. जुने शस्त्र विकणाऱ्या, लिलावात काढणाऱ्या आणि संग्रहालयात मांडणाऱ्या प्रत्येकाने तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: पृष्ठभाग मूळ आहे की नव्याने केलेला, केला असल्यास कोणत्या पद्धतीने आणि कधी, आणि हे कशावरून ठरवले. यातले जे ठाऊक नसेल तिथे ‘अज्ञात’ लिहिण्यातही कमीपणा नाही. खोट्या खात्रीपेक्षा ते केव्हाही बरे. असे केल्याने नव्याने रंगवलेल्या रिव्हॉल्वरचा भाव उतरेल हे खरे, पण तो त्याच्या योग्य जागी उतरेल, आणि रंग उडालेल्या पण प्रामाणिक रिव्हॉल्वरला त्याची किंमत मिळेल. खरेदीदारानेही चमक बघून भुलण्याआधी स्क्रूची भोके, सांध्याच्या कडा आणि मुठीखालचा रंग बघावा. तेवढी चौकशी त्याच्याच फायद्याची आहे.