कला आहे, पण ती कळवणार कोण?

सिहोरा परिसरातल्या दंडार, खडी गंमत, भजन आणि नाट्य मंडळांना आवाहन

रोवणी आटोपली की धान निसवेपर्यंत हाताला थोडी उसंत मिळते. पोळ्यानंतरच्या या दिवसांत बहुतेक मंडळे तालमी धरतात, कारण भाऊबीज झाली की मंडया सुरू होतात आणि मग श्वास घ्यायला वेळ नसतो. यंदा तालमीतले दोन दिवस बाजूला काढा आणि आपला कार्यक्रम लोकांपर्यंत कसा पोहोचवायचा हे शिकून घ्या. याला कुणी मार्केटिंग म्हणेल, कुणी प्रचार म्हणेल. नाव काहीही द्या, पण शिका.

शाहिराने असले धंदे का करावेत, असे काही जुन्या मंडळींना वाटेल. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की हे काम आपण आधीपासून करतच आलो आहोत. सौदा ठरवणे, विसार घेणे, गावात दवंडी देणे, फलक रंगवणे हे सगळे मार्केटिंगच. अडचण वेगळी आहे. हे सारे एका माणसाच्या ओळखीवर चालते. कोणत्या गावची मंडई कधी, तिथे कुणाशी बोलायचे, मागच्या साली किती बिदागी मिळाली, हे सगळे त्याच्याच डोक्यात. तो आजारी पडला किंवा थकला, की ढोलकी वाजवणारा असतो, नाच्या असतो, गळा असतो, पण बोलावणे येत नाही. ओळख माणसाची आहे, ती मंडळाची झाली पाहिजे. प्रशिक्षणाचा हेतू एवढाच ठेवा.

हे कसे जमते ते पाहायला मुंबई-पुण्याला जायला नको. गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज, म्हणजे आपले वडसा, पाहा. झाडीपट्टीच्या नाटकांचा बाजार तिथे भरतो. हंगामापूर्वी नाट्य मंडळांची कार्यालये उघडतात. गावची आयोजक मंडळी येतात, कोणत्या मंडळाची कोणती तारीख मोकळी आहे ते पाहतात, नाटक निवडतात, रक्कम ठरवतात. तिकीट विकण्याची जबाबदारी गावाची आणि नाटक उभे करण्याची जबाबदारी मंडळाची. ज्या दिवशी गावात शंकरपट, त्या रात्री नाटक, कारण त्या दिवशी घरोघरी पाहुणे असतात. प्रेक्षक कधी आणि कुठे गोळा होणार हे ओळखूनच तारीख धरली जाते. पोस्टरवर नाटकाइतकेच नटांचे नाव ठळक असते, त्यामुळे लोक नटासाठी येतात. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. अभिनय त्यांचा होताच, पण तो गावोगाव पोहोचवणारी एक चोख व्यवस्थाही उभी होती. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि दंडारीवर अभ्यास करून आपल्या कलेला पुस्तकात जागा दिली. लोकांच्या फोनमध्ये आणि आयोजकांच्या डायरीत जागा मिळवणे हे मात्र मंडळांनाच करावे लागेल.

आता दोन दिवसांत शिकायचे काय, ते सांगतो.

पहिली गोष्ट फोनची. मंडळाचा एकच नंबर ठेवा आणि तो उचलणारा एक माणूस नेमा. त्याला गाता आले नाही तरी चालेल, नीट बोलता आले पाहिजे आणि तारखांची वही सांभाळता आली पाहिजे. त्या नंबरावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, ते फुकट आहे. मंडळाचे नाव, गाव, कार्यक्रमाचा प्रकार, कलावंतांची संख्या आणि किती वेळाचा कार्यक्रम, एवढे त्यात लिहून ठेवले की विचारणाऱ्याला अर्धे उत्तर आपोआप मिळते.

दुसरी गोष्ट दराची. इथे आपण सर्वांत जास्त मार खातो. समजा बारा जणांचे मंडळ आहे. एकाची दिवसाची मजुरी 500 रुपये धरली तर 6000 रुपये झाले. गाडीचे 2500, ढोलकी-डफाच्या दुरुस्तीसाठी 500, रंग आणि कपड्यांसाठी 300 धरा. बेरीज 9300 रुपये. आता "आपल्याच गावचे पाहुणे आहेत" म्हणून 8000 रुपयांत कार्यक्रम घेतला, तर 1300 रुपये मंडळाने खिशातून घातले. पाहुण्यांसाठी कमी घ्यायचे तर जरूर घ्या, पण किती सोडतो आहोत हे माहीत असू द्या. तुमचे आकडे वेगळे असतील, पण बेरीज करायची पद्धत हीच. ठरलेला दर, त्यात काय येते, माईक आणि जेवण कुणाकडे, विसार किती, हे सगळे एका कागदावर लिहून आयोजकाची सही घ्या. यात अविश्वासाचे काही नाही. पहाटे तीन वाजता कार्यक्रम संपल्यावर हुज्जत घालण्यापेक्षा आधी सही बरी.

तिसरी गोष्ट नमुन्याची. आजचा आयोजक आधी "व्हिडिओ पाठवा" म्हणतो. आपण पाठवतो तो मंडईच्या गर्दीत घेतलेला, ज्यात शाहिराचे तोंड दिसत नाही आणि साउंड बॉक्सच्या गोंगाटात शब्द फुटून जातात. त्याऐवजी तालमीच्या दिवशी, सकाळच्या उजेडात, फोन आडवा आणि स्थिर ठेवून चित्रण करा. फोन गाणाऱ्याजवळ ठेवा, ढोलकी दोन पावले मागे बसवा. गण नको, लांब प्रस्तावना नको, सर्वांत रंगणारा तुकडा घ्या. दीड मिनिट पुरे. सिनेमाच्या चालीवरचे गाणे यूट्यूबवर हक्कांच्या तक्रारीत अडकू शकते, म्हणून आपल्या मंडळाने बांधलेले गाणे निवडा.

चौथी गोष्ट दफ्तराची, आणि हिच्यावर जास्त वेळ द्या. प्रत्येक कार्यक्रमाची पत्रिका, फलकाचा फोटो, ग्रामपंचायतीचे किंवा मंडई समितीचे पत्र, वर्तमानपत्रातले कात्रण, हे सगळे तारखेनुसार एका फाइलमध्ये लावा. पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने मानधन योजना आहे, दरमहा 5000 रुपयांची. तिथे अर्ज करताना वर्षानुवर्षे कला सादर केल्याचा पुरावा लागतो. तीस वर्षे नाचलेल्या माणसाकडे एक कागद नसावा, हे आपल्या गावांत नेहमी घडते. शासकीय योजनांच्या प्रचारासाठी जिल्हा माहिती कार्यालय कलापथकांची निवड करते, केंद्रीय संचार ब्यूरोकडेही पथकांची नोंदणी होते आणि नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. या दारांवर पहिल्यांदा फाइलच मागितली जाते. मंडळाची संस्था म्हणून नोंदणी करायला किमान सात सभासद लागतात. नोंदणी झाली की मंडळाच्या नावाने बँकेत खाते उघडा, म्हणजे बिदागी एकाच्या खिशात गेली की कसे, यावरून होणारी भांडणेही मिटतात.

पाचवी गोष्ट वर्षाच्या आखणीची. मंडई आणि पट सोडले तर आपण घरी बसतो. पण आपल्या तालुक्यात महाशिवरात्रीला गायमुखची यात्रा आहे, हनुमान जयंतीला चांदपूरच्या देवस्थानात भाविकांची रीघ असते, गणपती आहेत, शारदोत्सव आहे, भागवत सप्ताह आहेत. बपेऱ्याहून पुढे गेले की बालाघाट जिल्हा. तिकडेही मंडया भरतात, तिकडेही आपली पोवारी समजते. जे मंडळ मराठीसोबत पोवारी आणि हिंदीतही चार गाणी बसवेल, त्याच्या वहीत तारखा वाढतील. वर्षाचे कॅलेंडर भिंतीवर लावा आणि प्रत्येक उत्सवाच्या दोन महिने आधी त्या समितीला फोन करा.

हे शिकवणार कोण, असा प्रश्न येईल. महागड्या तज्ज्ञाची गरज नाही. गावात 'उमेद'च्या बचतगटांतल्या बायका आहेत. पापड-लोणच्याचा खर्च काढून दर लावणे, हिशेब लिहिणे त्या अनेक वर्षे करत आहेत, एक दुपार त्यांना मागा. फोनवरचे काम कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींना सांगा. सौद्याच्या खाचाखोचा जुन्या व्यवस्थापकाकडून काढून घ्या, त्याच्या डोक्यातली गावांची यादी वहीत उतरवून घ्या. जमले तर वडशाच्या एखाद्या जाणत्या माणसाला बोलवा. ग्रामपंचायतीचे सभागृह, चहा आणि सतरंजी एवढ्यात भागते. चार-पाच मंडळांनी मिळून केले तर उत्तम, एकमेकांचे दर पाडण्याची खोड तरी कमी होईल.

एक सावधगिरी. जास्त लोक पाहतात म्हणून दंडारीत रेकॉर्डिंग डान्स घुसडू नका. तो लोकांना फोनवर मिळतो, त्यासाठी ते तुम्हाला पैसे का देतील? जे फक्त तुमच्याकडे आहे, तेच नीट दाखवा.

मंडई समित्यांनाही दोन शब्द. पत्रिकेवर "रात्री भव्य कार्यक्रम" एवढेच न छापता मंडळाचे आणि शाहिराचे नाव छापा. त्याला काही खर्च येत नाही, आणि उद्या तोच कागद त्याच्या मानधनाच्या अर्जाला जोडला जाईल. ठरलेली रक्कम त्याच रात्री द्या.

पुढच्या तालमीला सगळे जमलात की ढोलकी चढवण्याआधी दोन ठराव करा, फोन कोण सांभाळणार आणि फाइल कोण. नावे वहीत लिहा, सह्या करा आणि प्रशिक्षणाचे दोन दिवस तिथेच ठरवा. धान कापणीला आले की कुणी बसणार नाही.